टायरॅड्स ४, गाठ १३ मि.मी.: सुई आता, की वर्षभराने?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९. मान दुखते म्हणून केलेल्या तपासणीत थायरॉइडमध्ये गाठ दिसली, मग थायरॉइडची वेगळी सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलंय: "उजव्या लोबमध्ये १३ × ११ × ९ मि.मी.ची सॉलिड, हायपोएकोइक गाठ, रक्तप्रवाह वाढलेला, टायरॅड्स ४, क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे." टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात लगेच एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करा, दुसरे म्हणतात वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करू. यातलं चुकतंय कोण, कॅन्सरची शक्यता किती, एवढा घोळ घालण्यापेक्षा गाठ काढूनच टाकली तर काय बिघडलं, आणि थायरॉइडची गोळी घेऊन ती विरघळेल का, हे तुम्ही विचारलंय.

चुकत कुणीच नाहीये. दोघं वेगवेगळ्या नियमावल्या धरून बोलताहेत आणि तुमची गाठ नेमकी त्या दोन नियमावल्यांच्या मधल्या फटीत पडली आहे. मात्र मला खटकतंय ते वेगळंच. दोन डॉक्टरांच्या मतभेदापेक्षा तुमच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलेलंच नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, थायरॉइडच्या सोनोग्राफी आणि सुईच्या तपासण्या हे माझं रोजचं काम. पण तुमच्या गाठीची चित्रं मी पाहिलेली नाहीत आणि तुमची मान तपासलेली नाही, त्यामुळे निर्णय मी देणार नाही. निर्णय कसा होतो ते सांगते.

आधी भीतीचं माप नीट घेऊ. हाताला लागेल एवढी थायरॉइडची गाठ शंभरातल्या चार-सात प्रौढांमध्ये असते. तीच सोनोग्राफीने शोधायला गेलं तर वेगवेगळ्या अभ्यासांत १९ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये सापडली आहे. बायकांमध्ये जास्त, आणि वय वाढेल तशी आणखी जास्त. म्हणजे मानेवर प्रोब ठेवला की गाठ दिसणं ही जवळपास रोजचीच गोष्ट आहे. तपासल्या जाणाऱ्या गाठींपैकी कॅन्सरच्या निघतात त्या साधारण ७ ते १५ टक्के. तुमची गाठ तर दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत योगायोगाने सापडली आहे.

आता टायरॅड्स. लोक हा आकडा कॅन्सरच्या स्टेजसारखा वाचतात आणि हादरतात: "चौथी स्टेज!" तसं अजिबात नाही. टायरॅड्स म्हणजे गाठ दिसते कशी, याला दिलेले गुण. त्या गुणांवरून आणि आकारावरून ठरतं एवढंच की सुई घालायची, नुसती नजर ठेवायची, की सोडून द्यायची. गाठ कशाची आहे हे टायरॅड्स सांगत नाही, सांगू शकतही नाही.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१७ सालची पद्धत. तिच्यात पाच गोष्टी बघतात. गाठ पाण्याची आहे की भरीव. आजूबाजूच्या थायरॉइडच्या तुलनेत काळपट दिसते की उजळ. आडवी आहे की उभी. कडा गुळगुळीत आहेत की दातेरी. आणि आत पांढरे ठिपके आहेत का, असले तर कसले. प्रत्येकाचे गुण ठरलेले आहेत. भरीव गाठीला २. काळपट, म्हणजे हायपोएकोइक असेल तर आणखी २, आणि मानेच्या स्नायूंपेक्षाही काळी असेल तर ३. उभ्या गाठीला ३. दातेरी किंवा लोब्युलेटेड, म्हणजे फुगीर वळणांच्या, कडेला २, आणि गाठ थायरॉइडच्या बाहेर पसरलेली दिसली तर ३. बारीक पांढऱ्या ठिपक्यांना ३. बेरीज ३ आली की तिसरा वर्ग, ४ ते ६ आली की चौथा, ७ किंवा जास्त म्हणजे पाचवा.

तुमच्या रिपोर्टवरून बेरीज करू. सॉलिड २, हायपोएकोइक २, झाले ४. म्हणजे चौथ्या वर्गाच्या अगदी खालच्या पायरीवर. पण हे कधी खरं? उरलेल्या तीन गोष्टींना शून्य गुण असतील तेव्हा. आणि त्या तिन्हींबद्दल तुमच्या रिपोर्टमध्ये अवाक्षर नाही.

मोजमापच बघा. १३ × ११ × ९. यातली लांबी कुठली, रुंदी कुठली, खोली कुठली? "उभी" गाठ म्हणजे मानेच्या आडव्या छेदात बघितल्यावर पुढून मागे जास्त आणि डावी-उजवीकडे कमी असलेली गाठ. साधी, निरुपद्रवी गाठ बहुधा ऊतींच्या थरांना धरून आडवी वाढते. थर ओलांडून आत घुसणारी गाठ उभी दिसू शकते, म्हणून तिला तीन गुण. तुमच्या गाठीत रुंदी ११ आणि खोली ९ असेल तर ती आडवी, शून्य गुण. पण रुंदी ९ आणि खोली ११ असेल तर तीच गाठ ४ गुणांवरून ७ वर जाते, पाचव्या वर्गात बसते, आणि मग १३ मि.मी.ला सुई घालायची की नाही यावर कुणाचाच वाद राहत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याने टायरॅड्स ४ म्हटलंय, म्हणजे बहुतेक गाठ आडवीच असावी. पण "बहुतेक" कशाला? एक शब्द लिहून घेता येतो.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गुणांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे पॅपिलरी; त्यात कॅल्शियमचे अगदी सूक्ष्म कण असू शकतात. ते मिलिमीटरहूनही लहान, टोकदार पांढऱ्या बिंदूंसारखे दिसतात आणि त्यांच्यामागे सावली पडत नाही. पण नुसता पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम असं नाही. गाठीत घट्ट कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्रव) साचलेलं असेल तर तिथेही चकाकणारा ठिपका दिसतो, फक्त त्याच्यामागे निमुळती शेपटी असते, आणि तो बहुधा गाठीतल्या पाण्याच्या भागात असतो. स्पंजसारख्या गाठीत बारीक बारीक पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या मागच्या भिंतीही चमकतात आणि चटकन पाहणाऱ्याला फसवतात. म्हणून ठिपका दिसला की मी तिथेच थांबते, प्रोबचा कोन बदलते, जास्त फ्रीक्वेन्सीवर बघते, चित्र मोठं करते. शेपटी आहे का? कोन बदलल्यावर ठिपका रेघेसारखा होतो का? भरीव भागात आहे की पाण्याच्या कडेला? हे सगळं गोठवलेल्या एका फोटोत कळत नाही, हात चालू असतानाच कळतं. त्यामुळे फिल्म पाठवून "यात कॅल्शियम आहे का" असं कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा पुन्हा स्कॅन करायला सुचवते. मोठं, जाड कॅल्शियम, ज्याच्यामागे काळी सावली पडते, ते मात्र जुन्या निरुपद्रवी गाठींमध्येही पुष्कळदा असतं आणि त्याला एकच गुण आहे.

"रक्तप्रवाह वाढलेला" या शब्दांनी तुम्ही बऱ्याच घाबरलेल्या दिसता. या पद्धतीत रक्तप्रवाहाला गुणच नाहीत. निरुपद्रवी गाठींमध्येही भरपूर रक्तप्रवाह दिसतो. सुई घालताना मला तो उपयोगी पडतो, कुठून जायचं नाही ते कळतं. "क्लिनिकल कोरिलेशन" हा आम्हा लोकांचा सवयीचा शेरा आहे, त्यात काही दडलेलं नसतं.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाकडे येऊ. वर सांगितलेल्या अमेरिकन रेडिओलॉजी पद्धतीत चौथ्या वर्गाची गाठ १५ मि.मी. किंवा मोठी असेल तर सुई. १० ते १५ च्या मध्ये असेल तर नजर ठेवायची, पहिली तपासणी वर्षाने. तुमचे दुसरे डॉक्टर हेच सांगताहेत. युरोपियन थायरॉइड असोसिएशनची २०१७ची पद्धतही अशा मध्यम गाठीला १५ मि.मी. ओलांडल्यावरच सुई सुचवते. पण अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत भरीव, काळपट, गुळगुळीत कडेची गाठ मध्यम संशयाची मानली आहे आणि तिला १० मि.मी.पासून सुई सांगितली आहे. तुमचे पहिले डॉक्टर त्या सूचनांप्रमाणे चालताहेत. तुमची १३ मि.मी. बरोबर मध्ये. गाठ ९ मि.मी.ची असती तर दोघंही थांबा म्हणाले असते, १७ ची असती तर दोघांनीही सुई सांगितली असती.

जाता जाता एक सावधगिरी. टायरॅड्स नावाच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपियन पद्धतीत १ म्हणजे गाठच नाही, अमेरिकन पद्धतीत १ म्हणजे गाठ आहे पण निरुपद्रवी. एका ठिकाणी तिसरा वर्ग आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी चौथा आला, म्हणून "गाठ बिघडली" असं धरून बसू नका. आधी दोन्हीकडची पद्धत एकच होती का ते विचारा, मग वर्णनाशेजारी वर्णन ठेवून बघा.

शक्यता किती? अमेरिकन पद्धत तपासण्यासाठी ३,४२२ गाठींचं विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कॅन्सरचं प्रमाण पहिल्या वर्गात ०.३ टक्के, दुसऱ्यात १.५, तिसऱ्यात ४.८, चौथ्यात ९.१ आणि पाचव्यात ३५ टक्के निघालं. चौथ्या वर्गात ४ गुणही येतात आणि ६ गुणही. तुमचे खरोखर चारच असतील तर तुम्ही त्या वर्गाच्या हलक्या बाजूला आहात. म्हणजे अशा दहा गाठींपैकी नऊ किंवा त्याहून जास्त गाठी कॅन्सरच्या नसतात. लक्षात घ्या, पाचव्या वर्गातल्याही बहुसंख्य गाठी त्या अभ्यासात कॅन्सरच्या नव्हत्या.

पण माझ्या मते त्या नऊ टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: समजा ही त्या नऊ टक्क्यांतलीच निघाली, तर वर्षभर थांबल्याने काय बिघडेल? इथे दोन देशांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण थोडे जादा पैसे भरले की सोबत करून मिळायची, आणि लोक करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या तुलनेत १५ पट झालं. थायरॉइड कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या थायरॉइड काढल्या गेल्या, आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या, काहींचे आवाज गेले, आणि मृत्यूंच्या आकड्यात त्याचा काहीच फायदा दिसला नाही. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी यावर जाहीर आवाज उठवला, त्यानंतर वर्षभरात शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्श्याने घटल्या.

दुसरा अनुभव जपानचा. कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये अकिरा मियाउची यांच्या पुढाकाराने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, सुईच्या तपासणीत पॅपिलरी कॅन्सर ठरलेल्या गाठींच्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी देखरेखीचा पर्याय दिला गेला. २०१४ मध्ये त्यांनी अशा १,२३५ रुग्णांचा हिशोब मांडला. दहा वर्षांत गाठ ३ मि.मी. किंवा जास्त वाढलेले ८ टक्के, मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये पसरलेले ३.८ टक्के, आणि या कॅन्सरने दगावलेलं कुणीही नाही. वाढ दिसल्यावर उशिरा ज्यांची शस्त्रक्रिया झाली, तेही ठीक राहिले. तरुण रुग्णांमध्ये वाढीचं प्रमाण जास्त होतं, साठीपुढच्यांमध्ये सगळ्यात कमी. तुमची गाठ १३ मि.मी.ची आहे, म्हणजे त्यांच्या मर्यादेपेक्षा थोडी मोठी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये हीच देखरेख दीड सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी केली गेली आहे. हे सगळे सिद्ध झालेले कॅन्सर होते. तुमची तर नुसती शंका आहे.

म्हणून वर्षभर थांबायला सांगणारा डॉक्टर निष्काळजी नसतो. पण काही गोष्टी असतील तर मीसुद्धा थांबू नका म्हणेन. लहानपणी मान-छातीला रेडिएशन मिळालेलं असणं. जवळच्या नात्यात थायरॉइड कॅन्सर, त्यातही मेड्युलरी हा घराण्यात उतरू शकणारा प्रकार. आवाज कित्येक आठवडे घोगरा राहणं, गिळताना अडकणं. हाताला दगडासारखी, न हलणारी गाठ. पेट स्कॅनमध्ये तेवढ्याच जागी चमकलेली गाठ. अशा गाठींपैकी सुमारे तिसरा हिस्सा कॅन्सरच्या निघतात. गाठ श्वासनलिकेला चिकटून किंवा स्वरयंत्राच्या नसेच्या वाटेवर, म्हणजे लोबच्या मागच्या कडेला असणं. आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी गाठ, विशेषतः उतारवयात. तिथे तर दिवस मोजायचे. एका रात्रीत टम्म फुगलेली, दुखणारी गाठ मात्र बहुतेक वेळा आतल्या पोकळीत रक्तस्राव झाल्याची असते. बघून घ्यावं, पण घाबरू नये. लहान मुलांच्या गाठींना हे आकडे लावू नका, त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण जास्त असतं.

या यादीत एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती तुमच्या रिपोर्टमध्ये नाही: मानेच्या लसिकाग्रंथी. थायरॉइडच्या सोनोग्राफीत मानेच्या दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत बघायच्या असतात. ग्रंथी गोल झालेली असेल, तिच्या मधली पांढरी रेघ नाहीशी झाली असेल, आत पाणी किंवा पांढरे ठिपके असतील, तर गाठ ८ मि.मी.ची असली तरी सुई घालायची, आणि त्या ग्रंथीतही घालायची. "लसिकाग्रंथी नॉर्मल" असं लिहिलेलं नसेल तर बघितल्या की नाही हेच कळत नाही.

टीएसएच नॉर्मल आहे हे चांगलंच, पण त्यावरून कॅन्सर नाही असं ठरत नाही. थायरॉइड कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांचा टीएसएच नॉर्मलच असतो. ही तपासणी करायची ती दुसऱ्या कारणासाठी. टीएसएच कमी असता तर गाठ स्वतःच हॉर्मोन बनवते का, हे बघायला न्यूक्लिअर स्कॅन केला असता. अशा "हॉट" गाठी क्वचितच कॅन्सरच्या असतात आणि त्यांना सहसा सुईची गरज पडत नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर त्याने रक्ताचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो, तेवढं डॉक्टरांना सांगा.

सुईची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. एफएनएसीची सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. मान थोडी मागे टाकून झोपवतात, सोनोग्राफीत बघत सुई गाठीत नेतात, काही सेकंद पुढे-मागे हलवून पेशी घेतात. दोन-तीन वेळा टोचावं लागतं. त्या वेळी गिळू नका, बोलू नका, एवढीच अट. नंतर दिवसभर थोडं ठणकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे घरोघरी ऐकू येतं. थायरॉइडच्या बारीक सुईबाबत ते इतकं विरळ आहे की त्यापायी तपासणी टाळू नये.

सुईला हो म्हणण्याआधी मात्र एक विचार करून ठेवा, जो कुणी आधी सांगत नाही. रिपोर्ट "आहे" किंवा "नाही" असा येत नाही. तो बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत येतो. २०२३च्या आवृत्तीप्रमाणे दुसरा वर्ग म्हणजे निरुपद्रवी, त्यात कॅन्सरचा धोका सरासरी ४ टक्के. सहावा म्हणजे कॅन्सर, ९७ टक्के. पाचवा दाट संशय, ७४ टक्के. पहिला वर्ग म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई. खरी पंचाईत तिसऱ्या आणि चौथ्या वर्गात: सरासरी २२ आणि ३० टक्के. तिसऱ्यात पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण नक्की काही म्हणता येत नाही. चौथ्यात फॉलिक्युलर पेशींची गाठ आहे एवढं कळतं. ती कॅन्सर आहे का, हे ती आपलं कवच किंवा रक्तवाहिन्या फोडून बाहेर पडली का यावर ठरतं, आणि ते सुटलेल्या पेशींत दिसत नाही. अख्खी गाठ काढून कवच तपासावं लागतं. म्हणजे नऊ टक्क्यांची शंका मिटवायला म्हणून सुई घातली आणि बावीस टक्क्यांचा कागद घेऊन परतलात, असंही होऊ शकतं. मग पुन्हा सुई, किंवा परवडत आणि उपलब्ध असेल तर जनुकीय तपासणी, किंवा अर्धी थायरॉइड काढणं. हा रस्ता पुढे कुठे जाऊ शकतो हे माहीत असून तुम्ही सुई करून घेत असाल तर खुशाल घ्या, त्यात गैर काहीच नाही. अनिश्चिततेत वर्ष काढणं काहींना खरंच झेपत नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल तर १३ मि.मी.च्या भरीव, काळपट गाठीला सुई घालणं पूर्णपणे रास्त आहे, आणि निकाल दुसऱ्या वर्गात येण्याची शक्यताच जास्त आहे.

थांबायचं ठरवलंत तर नीट थांबा. वर्षाने सोनोग्राफी, शक्यतो त्याच जागी आणि त्याच डॉक्टरांकडे, जुन्या चित्रांसकट. नुसता जुना कागद पुरत नाही. पुढे अमेरिकन पद्धतीत चौथ्या वर्गासाठी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, आणि पाच वर्षांत काही बदललं नाही तर थांबायचं. मध्येच दर तीन महिन्यांनी करून घेऊ नका, त्याने फक्त काळजी वाढते. १३ ची १४ मि.मी. झाली म्हणजे वाढली असं नाही. मीच एक गाठ लागोपाठ दोनदा मोजली तरी एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे होतो. खरी वाढ म्हणतात ती किमान दोन मापांत २० टक्के आणि निदान २ मि.मी., किंवा घनफळात निम्म्याहून जास्त भर. आणि वाढलेली गाठ म्हणजे कॅन्सर असंही नाही. इटलीत निरुपद्रवी वाटणाऱ्या गाठींचे जवळपास हजार रुग्ण पाच वर्षं पाहिले गेले, तो अभ्यास २०१५ मध्ये आला. १५ टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, १८ टक्के लोकांच्या लहान झाल्या, आणि कॅन्सर निघाला तो ०.३ टक्के गाठींत. आकारापेक्षा रूप बदललं का, कडा दातेरी झाल्या का, ठिपके नव्याने आले का, याकडे माझं जास्त लक्ष असतं.

सध्या या आठवड्यात करण्यासारखं एकच काम आहे. जिथे सोनोग्राफी झाली तिथे जा आणि पुरवणी रिपोर्ट मागा. कुठली टायरॅड्स पद्धत वापरली, एकूण गुण किती, गाठ आडवी की उभी, कडा कशा, पांढरे ठिपके आहेत का, लोबमध्ये नेमकी कुठे आहे, लसिकाग्रंथी कशा आहेत. चित्रं साठवलेली असतात, बरंचसं त्यावरून लिहून देता येतं. नाही तर पाच मिनिटं पुन्हा प्रोब ठेवतील. हे मागण्यात संकोच नको, हा तुमचा हक्कच आहे. उत्तरं सगळी शून्य गुणांची आली तर मी स्वतः तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने झुकेन. एक जरी उत्तर वेगळं आलं तर पहिल्यांच्या.

काढूनच टाकण्याबद्दल: सुईशिवाय थेट शस्त्रक्रिया या गाठीला मला पटत नाही. अर्धी थायरॉइड काढली तर साधारण पाचातल्या एकाला पुढे रोज गोळी लागते, मानेवर व्रण येतो, आणि अनुभवी हातांतही आवाजाच्या नसेला इजा होण्याचा छोटा धोका उरतो. पूर्ण काढली तर गोळी कायमचीच, आणि कॅल्शियम उतरण्याची भीती वेगळी. दहातल्या नऊ वेळा निरुपद्रवी निघणाऱ्या गाठीसाठी ही किंमत फार झाली.

आणि गोळी. थायरॉक्सिन देऊन गाठी लहान करण्याचा प्रघात पूर्वी होता. त्याने गाठ फारशी लहान होत नाही, टीएसएच मुद्दाम खाली ढकलावा लागतो, आणि त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं असे धोके वाढतात; म्हणून आता ती या कामासाठी देत नाहीत. ज्यांचं थायरॉइड कमी काम करतं त्यांना ती लागते. तुमचा टीएसएच नॉर्मल आहे, तेव्हा तुम्हाला तिची गरज नाही.